उजेडाचं कापड

"रंग किंतु खूब पाका, दीदी," सिस्टर बिश्वास कौतुकानं म्हणाल्या. रंग मात्र अगदी पक्का. आणि कालिंदी मेहेंदळेला क्षणभर खरोखरच बरं वाटलं. कलकत्त्याच्या सरकारी इस्पितळात, भाजलेल्या बायकांच्या वॉर्डाबाहेर, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर, तिच्या प्रयोगशाळेतून आलेली पांघरुणं घड्या घालून रचली होती. हिवाळा गेला होता, उन्हाळाही निम्मा सरला होता. धोबीखान्यात ती किती वेळा उकळून निघाली असतील कोण जाणे. पण गुलाबी रंग पहिल्या दिवसासारखाच झगझगीत होता. तिनं वरच्या पांघरुणावरून हात फिरवला. लेपाचा तो किंचित ताठरपणा बोटांना लगेच ओळखू आला. आपण केलेलं काहीतरी टिकलं, एवढाच तो आनंद होता. आणि तो चेहऱ्यावर उमटायच्या आतच कुठंतरी अडकला. रंग टिकला कसा? रंग टिकायलाच नको होता. त्या रंगाचं कामच होतं उजेड पिणं, आणि उजेड पीत पीत उडून जाणं. प्रयोगशाळेच्या खिडकीत बांधलेल्या तुकड्यांचा रंग पंधरा-वीस दिवसांत असा फिका पडायचा की जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलंही त्यापेक्षा ताजी दिसावीत. तिनं घडी उलगडली, दुसरी उलगडली, तिसरी. सगळी सारखीच, टवटवीत. सिस्टर बिश्वास अजून हसत होत्या. "कंपनीला द्या हा रंग. माझ्या साड्या बघा, दोन धुण्यांत पाणी," असं काहीतरी त्या बंगालीत म्हणत होत्या. कालिंदीनं त्यांना बाजूला केलं, म्हणजे हातानं बाजूला केलं, जे ती कधीच कुणाला करत नसे, आणि ती वॉर्डात शिरली.

आत दिवसाढवळ्या पिवळे दिवे लागले होते. उंच छताला, खूप वर, एक एक बल्ब, आणि त्याखाली पलंगांची रांग. डोळे सरावायला वेळ लागला. मग तिला खिडक्या दिसल्या. उंच, कमानदार, जुन्या साहेबी इमारतीतल्या खिडक्या. आणि त्यांची प्रत्येक काच काळी. पडदे नव्हते, कागदही नव्हता. डांबरासारखा दाट काळा रंग, ब्रशाचे फराटे दिसावेत इतका घाईघाईनं फासलेला. "हे काय?" तिनं विचारलं. सिस्टर बिश्वासना प्रश्नच कळला नाही. मग कळला. "हे ना? लढाईतलं आहे. ब्लॅकआउटचं. बांधकाम खात्याचे लोक येऊन फासून गेले. काढायलाही त्यांनीच यायचं. आम्ही सांगितलंय." लढाई डिसेंबरात झाली होती. आता मे महिना होता. आणि तिची पांघरुणं या वॉर्डात आली होती ती लढाई तोंडावर आली असताना. म्हणजे पहिले काही दिवस सोडले तर या कापडानं उजेड पाहिलाच नव्हता. अर्ध्या पलंगांवर तिचं गुलाबी कापड, अर्ध्यांवर साधं पांढरं. जखमा दोन्हीकडे सारख्याच चिघळल्या. फरक आढळला नाही, असं लिहून अहवाल दिल्लीला गेला होता. ती आज आली होती ती फक्त कापड परत न्यायला.

ट्रामनं मैदान ओलांडलं, तेव्हा तिच्या मांडीवर एकच पांघरूण होतं. बाकीची तिनं तिथंच ठेवली होती. फोर्ट विल्यमच्या बाजूला लष्कराच्या गाड्या उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग अजून काळाच होता. तिला एकदम हसू आलं आणि त्या हसण्याची तिला भीती वाटली. ब्लॅकआउट तिनंही पाहिला होता. बालीगंजच्या घरात नानांनी, तिच्या वडिलांनी, खळ करून खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. पोर्टाच्या कचेरीत उभा जन्म नोकरी केलेला माणूस, कागदसुद्धा पट्टीनं आखून कापलेला. संध्याकाळी दोघं मेणबत्तीपाशी बसायची. वर विमानाचा आवाज आला की नाना म्हणायचे, "आपलं आहे," आणि त्यांना ते कसं कळायचं हे तिनं कधी विचारलं नाही. लढाई संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः ओलं फडकं घेऊन घरातला कागद सोडवला होता. स्वतःच्या घरातला! हात खळीनं चिकट झाले होते आणि खोलीत ऊन आल्यावर दोघं जण उगाचच एकमेकांकडे पाहून हसली होती. त्या वेळी, त्या उन्हात उभं राहून, तिला तो वॉर्ड कसा आठवला नाही? डोक्यात दुसरं काही नसताना? पण तिनं वॉर्ड पाहिलाच नव्हता. बघायचा नाही असं ठरलं होतं, आणि तिनंच ते मान्य केलं होतं. करणाऱ्यानं स्वतः तपासायला जाऊ नये, त्याला हवं तेच दिसतं. पलंग कुणाचा, कापड कोणतं, हे तिला कळता कामा नये. इतकं चोख वागायचं, इतकं निर्मळ राहायचं, की उद्या कुणाला बोट दाखवायला जागा नको. ती लांब राहिली आणि कुणीतरी ब्रश घेऊन काचा फासून गेलं. सूचना मात्र तिनं लिहून दिल्या होत्या: ही पांघरुणं उन्हात वाळवू नयेत, त्यांची ताकद वाया जाते. धोबीखान्यात ती इमानानं वाफेच्या खोलीत वाळवली गेली होती. सगळ्या सूचनांपैकी तेवढी एकच पाळली गेली होती.

हे सगळं सुरू झालं ते आईपासून, असं ती कुणाला सांगत नसे. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन चांगलं झालं होतं. सर्जननं बाहेर येऊन नानांशी हात मिळवला होता. मग टाके चिघळले. कालिंदी तेव्हा एम.एस्सी.ला होती, जंतूंची लॅटिन नावं तिला पाठ होती, आणि आईच्या पोटावरची पट्टी उचलली की जो वास यायचा त्याचं नाव तिला माहीत होतं, एवढाच तिच्या शिक्षणाचा उपयोग. आई तापात सुद्धा म्हणायची, "चादर एकदा गच्चीवर टाक गं उन्हात." आयुष्यभर तिनं तेच केलं होतं, गाद्या, उशा, लोणच्याच्या बरण्या, न्हालेली पोरं, सगळं गच्चीवर उन्हात. तेव्हा कालिंदी चिडली होती. पुढं बऱ्याच वर्षांनी एका जुन्या जर्मन निबंधात तिनं वाचलं, की काही रंग पाण्यात मिसळले आणि त्यावर उजेड पडला, तर त्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात. अंधारात तेच रंग निरुपद्रवी. रंग पाण्यात का, कापडावर का नाही? मग वर्षं गेली. रंग कापडाला धरेना. धरला तर धुण्यात जाई. राहिला तर काम करीना. शेवटी एका राळेच्या पातळ लेपात तो बसला. त्या रंगाचं नावही असं, की दुकानदाराला सांगताना तिला गंमत वाटायची: रोझ बेंगाल. खिडकीतल्या तुकड्यावर पू करणारे जंतू शिंपडायचे, ऊन द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या बशीत पाहायचं. बशी कोरी. त्या कोऱ्या बशीकडे पाहताना तिला जे वाटायचं ते तिला आयुष्यात दुसऱ्या कशानंही दिलं नव्हतं, माणसांनी तर नाहीच.

श्यामकांत वैशंपायन, तिचे साहेब, दुसऱ्या दिवशी तिला लगेच भेटले. केंद्राच्या नोकरीत गावोगाव बदल्या भोगलेला हा गृहस्थ मूळचा साताऱ्याचा. कलकत्त्याला तीन वर्षं काढली तरी त्यांना ट्रामचा नंबर ठाऊक नव्हता. पण ते वाईट नव्हते. तिच्या कापडासाठी दिल्लीत भांडले तेच होते. तिनं सांगितलेलं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. टेबलावरच्या गुलाबी पांघरुणाकडे पाहत राहिले.

"म्हणजे काचा काळ्या होत्या," ते म्हणाले.

"अजून आहेत, साहेब. चाचणी झालीच नाही. जे झालं ते चाचणी नव्हतीच. आपण दिल्लीला कळवू या. पावसाळा संपला की पुन्हा करू."

"मेहेंदळेबाई, अहवालावर माझी सही आहे."

"तुमची सही चुकीची नाही. काच काळी होती हे तुम्हाला काय माहीत? मलाही नव्हतं."

"तेच तर म्हणतोय. काय लिहू मी? की सहा महिने उजेडाची चाचणी घेतली, पण उजेड आहे का हे बघायचं राहिलं? तिथं हसतील ते. आधीच हसताहेत. रंगारी म्हणतात आपल्याला, ठाऊक आहे?" त्यांनी चष्मा काढला. "आणि दुसरं सांगू? रागावू नका. चाचणी झाली, असंच मला वाटतं. या देशातला वॉर्ड कसा असतो याचीच चाचणी झाली. काचा काळ्या असतात. नसल्या तर मळलेल्या असतात. त्या पुसल्या तर समोर कुणीतरी भिंत बांधतं. दिवे जातात. तुमचं कापड उजेडावर चालतं. जिथं हवंय तिथं उजेड नाही. मग ते पास कसं म्हणायचं?"

उत्तर होतं, घरी जाताना, जिना चढताना, भात उपसताना तिला ते चार प्रकारांनी सुचलं. की मग औषध देऊ नका, कारण पाणी गढूळ आहे. की काच पुसणं हे कापड शोधण्यापेक्षा अवघड आहे का? पण त्या टेबलासमोर ती पांघरुणाची घडी घालत राहिली. "मुंबईची ऑर्डर आली आहे माझी," वैशंपायन हळू आवाजात म्हणाले, जणू तेही तिला सांगायला त्यांना लाज वाटत होती. "तुम्हाला तागाच्या पोत्यांच्या विभागात घेताहेत. चांगला विभाग आहे. आमची ही, शैला, म्हणत होती, निघायच्या आधी एकदा जेवायला या."

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताटातल्या लिंबाची फोड पिळत म्हणाले, "मनोहर पुण्याला या म्हणतोय. गल्लीत परवा पुन्हा बाँब फुटला. इथं काय राहिलंय आता?" हे ते रोज म्हणत. मनोहर, तिचा धाकटा भाऊ, पुण्यात घर बांधत होता. इथंच जन्म गेलेल्या नानांना आणि तिला पुण्यात कुणी ओळखत नव्हतं, आणि नानांच्या मराठीत आता इतके बंगाली शब्द शिरले होते की पुण्याचा वाणी त्यांना हसला असता. भात कालवून झाल्यावर ते म्हणाले, "काचेवरचा तेलरंग टर्पेंटाइननं सुटतो. आधी लावून ठेवायचं, मग पात्यानं. कडेकडेनं जायचं, नाहीतर ओरखडे पडतात." आणि उठून हात धुवायला गेले.

रविवारी सकाळी ती दाढीची पाती, चिंध्या आणि टर्पेंटाइनची बाटली घेऊन वॉर्डात गेली. सिस्टर बिश्वास आधी हो म्हणेनात. सरकारी काच, सरकारी रंग, वर ती वॉर्डातली नाही. "मला विचारतील," त्या म्हणत होत्या. कालिंदीचा आवाज चढला. इतका की पलंगावरच्या बायकांनी माना वळवल्या, ज्यांना वळवता येत होत्या त्यांनी. "कुणी विचारणार नाही! इतके महिने कुणी विचारलं? लढाई संपली हे सुद्धा तुम्हाला कुणी येऊन सांगायला हवं का?" बोलून झाल्यावर तिला स्वतःची किळस आली, कारण त्या बाईच्या दोन्ही डोळ्यांखाली रात्रपाळीची काळी वर्तुळं होती आणि त्या वॉर्डात चाळीस जणींमागे ती एकटी होती. सिस्टर बिश्वासनी एक स्टूल पायानं पुढं ढकललं. "एकच. ती कोपऱ्यातली. आणि वास वॉर्डभर जायच्या आत आटपा."

कोपऱ्यातल्या खिडकीखाली मिनती नावाची बाई होती. कोळशाच्या शेगडीवर रॉकेल ओतताना पदर पेटला होता. मान, छाती आणि दोन्ही हात पट्ट्यांत होते. कालिंदी स्टुलावर चढली, आणि दुपार होईपर्यंत खरवडत राहिली. रंग चिकट गाळासारखा पात्यावर जमायचा. पहिली फट मोकळी झाली तेव्हा उन्हाची एक सुरी सरळ मिनतीच्या डोळ्यांवर पडली आणि ती कळवळून ओरडली. कालिंदीला वाटलं, आता ही म्हणणार बंद करा. पण ती तोंड फिरवून पडून राहिली. घामानं कालिंदीचं पोलकं पाठीला चिकटलं, नखांत काळं गेलं, एक बोट कापलं. तावदानामागून तावदान मोकळं झालं. शेवटी पलंगाच्या अर्ध्या भागावर ऊन आडवं पडलं. तिनं गुलाबी पांघरूण मिनतीच्या अंगावर, जखमांना कापड लागू नये म्हणून ठेवलेल्या, लोखंडी कमानीवर पसरलं. निम्मं उन्हात, निम्मं सावलीत. आता ती लांब राहणार नव्हती. तिला हवं ते दिसलं तरी चालणार होतं.

पुढचे काही आठवडे ती पोत्यांच्या विभागातून सुटल्यावर थेट तिथं यायची. तागाच्या तुसानं तिला खोकला लागला होता. पांघरूण हळूहळू दोन रंगांचं झालं: एक बाजू अजून गर्द, दुसरी फिकट होत होत जवळजवळ पांढरी, मध्ये खिडकीच्या चौकटीची तिरकी रेघ. रंग पुरा उडायच्या आधीच तिनं दोन्ही बाजूंवर ओला कापसाचा बोळा फिरवला आणि जुन्या प्रयोगशाळेत, मागच्या दारानं, दोन बशा उबेला ठेवल्या. सावलीची बशी पिवळ्या ठिपक्यांनी गजबजून गेली. ठिपक्याला ठिपका लागलेला. उन्हाच्या बशीत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. मिनतीच्या उजव्या हाताची जखम कोरडी पडत होती. मानेची नव्हती. एका बाईवरून, एका पांघरुणावरून काहीही सिद्ध होत नाही, हे कालिंदीला कुणी शिकवायला नको होतं. कोरडी पडली ती कापडानं, की नुसत्या उन्हानं, की तिच्या तरुण रक्तानं? तरी ती त्या दोन बशा रुमालात बांधून वैशंपायनांच्या खोलीत गेली. त्यांची पुस्तकं खोक्यांत भरली जात होती.

ते बशा खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहत होते. "सुंदर आहे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरा होता. "अगदी सुंदर. दहा वर्षांनी कुणीतरी हेच करील बघा, कुठंतरी, मोठ्या पैशानं."

"मी आत्ता केलंय, साहेब."

"हो." त्यांनी बशा तिच्या हातात परत दिल्या. जपून दिल्या, झाकणं हलू न देता. "मी नव्या साहेबांशी बोलेन," ते म्हणाले, आणि दोघांनाही ठाऊक होतं की ते बोलणार नाहीत; त्यांना बोलायचं होतं, पण ते कसं सुरू करावं हेच कळणार नव्हतं. तिला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग करण्याजोगं माणूसच कुठं सापडत नव्हतं. काच फासणारा हुकमाप्रमाणे फासून गेला होता. सिस्टर बिश्वासनी खात्याला सांगितलं होतं. वैशंपायन दिल्लीत भांडले होते. ती स्वतः चोख राहिली होती. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं, आणि वॉर्डात अंधार होता.

त्याच संध्याकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा मिनतीच्या कमानीवर पांढरी चादर होती. तिनं पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. सिस्टर बिश्वास लगबगीनं आल्या. "ते ना, दीदी? रंग अगदी उडाला होता. मळकट दिसायला लागलं होतं. मोठे डॉक्टर राउंडला आले, म्हणाले हे काय घाण टाकलंय पेशंटवर. मी फेकायला दिलं. बाकीची चांगली आहेत ना, ठेवलीत, ती काढू का?" त्या खरोखरच मदत करू पाहत होत्या. ज्या भागानं काम केलं होतं तोच भाग मळका दिसला होता. कालिंदी बोलायला लागली असती तर पहिल्यापासून, त्या जर्मन निबंधापासून, आईच्या पट्टीपासून बोलली असती. बाहेर संध्याकाळ उतरत होती, आणि ती खिडकीसमोर उभी राहून मोकळ्या काचेच्या कडेला राहिलेल्या काळ्या रेषेकडे बघत होती. कडेकडेनं जायला नाना म्हणाले होते. कड नीट निघाली नव्हती.

"दीदी, एकटु शोरे दाँड़ान ना," मागून मिनती म्हणाली. जरा बाजूला उभ्या राहा ना.

कालिंदीला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, आपण तिच्या उजेडात उभ्या आहोत. ती पुढच्या खिडकीपाशी सरकली. मिनतीनं पट्टीतली मान शक्य तेवढी वळवली होती, आणि तिचा चेहरा, भुवया जळालेला, त्या उरल्यासुरल्या उन्हात पिवळसर दिसत होता. तो चेहरा बदलत गेला. ओठ हलले.

"काय आहे?" कालिंदीनं बंगालीत विचारलं.

"माझी लेक. लहान मुलांना वर सोडत नाहीत ना. सासरे रोज या वेळी तिला घेऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहतात. ती कोपऱ्यातली खिडकी बघ, सांगतात तिला. एकच खिडकी मोकळी आहे, म्हणून लगेच सापडते तिला." मिनती हसत होती, कातडी ताणून दुखत असणार, तरी हसत होती. "बघा, आज वेणी घातलीय कुणीतरी. दिसली? तिथं, शहाळी विकणाऱ्या डाबवाल्याच्या गाडीजवळ. हात करतेय."

"हो का," कालिंदी म्हणाली. ती जिथं उभी होती तिथून तिला रस्ता दिसत नव्हता. तिच्यासमोरची काच काळीच होती, आणि वाकून बघायचं म्हटलं तर पुन्हा त्या दोघींच्या मध्ये यावं लागलं असतं. ती तशीच उभी राहिली. मिनतीला हात वर करता येत नव्हता. ती नुसतीच, भराभर, मान हलवत होती.